पायांचं काम

एप्रिलात अकरानंतर गोंदूरच्या धावपट्टीवर
विद्यार्थ्याला एकटं सोडत नाहीत.
मी सुटले दहा पन्नासला.
कॅप्टन नगराळे म्हणाले, तीन फेऱ्या मार, मग चहा.

दोन झाल्या.
तिसरीला वळताना दूर धुरकटात साक्रीकडच्या पवनचक्क्या दिसल्या,
आगकाड्यांएवढ्या.
सकाळी त्यांची पाती गोल दिसत होती.
आता नुसत्या उभ्या रेघा,
म्हणजे सगळ्यांनी तोंड उत्तरेला केलेलं.
मी पाहिलं. वाचलं नाही.

आडव्या वाऱ्यात उतरणं तापी पोहण्यासारखं:
पलीकडच्या देवळाशी लागायचं तर
देवळाकडे तोंड करायचं नाही,
धारेकडे करायचं.
नाक सातपुड्याकडे, चाल पट्टीवर,
मग अगदी शेवटी उजवा पंख खाली, डावा पाय दाबून
सरळ.
उजवं चाक टेकलं.
डावं टेकलं.
वाटलं, झालं.

तेवढीच फट लागते त्याला.

नांगरून ठेवलेल्या कपाशीच्या वावरातून
लाल-काळी धूळ घेऊन तो आला
आणि शेपटीला अशी चापट दिली
की नाक उजवीकडे वळलं,
आणि माझ्या हातांनी
मला न विचारता
चाक गरकन डावीकडे फिरवलं,
दोन्ही हातांनी, पार शेवटपर्यंत,
धुळे डेपोच्या गाडीसारखं.

जमिनीवर त्या चाकानं विमान वळत नाही.
ते पंखांसाठी. वळवायचं काम पायांचं.
हे मला येतं. आकृती काढून येतं.
पण सात वर्षांची असताना
डेपोच्या यार्डात, डिझेलच्या वासात,
बाबांच्या मांडीवर बसून मी जे धरलं होतं
ते परीक्षेच्या आधीचं.

उजवा पंख उठला,
वादळात गोठ्याचा पत्रा उठतो तसा.
डाव्याचं टोक डांबरावर खरवडत गेलं,
करपलेली कढई घासावी असा आवाज.
मग पट्टी संपली, कडेचा दिवा फुटला, गवत,
आणि आपण आलो ती दिशा
काचेतून समोर दिसू लागली.

इंधन बंद. मुख्य बटण बंद.
एवढं हातांना आठवलं.
पंख्याचं एक पातं केळीच्या पानासारखं वाकलेलं.

कुंपणापाशी एक ठेलारी बाबा उभा होता.
त्यानं मला नीट खालपासून वर पाहिलं,
काठी खांद्यावरून उतरवली.
“वारा फिरना ना बेटा.
मेंढ्यास्नी कव्हयच पाठ फिरवी लिन्ही.”
खरंच. साठ-सत्तर पाठी, सगळ्या एका ओळीत.
म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

नगराळे फॉर्म घेऊन बसले.
कारणाच्या रकान्याशी पेन अडलं.
वारा लिहू, मी विचारलं.
ते म्हणाले, वारा रोज असतो.

संध्याकाळी बाबा आले, ड्युटीवरून थेट,
खाकीच्या खिशात बिल्ला तसाच.
माझ्याकडे एकदाच पाहून
ते पट्टीवर गेले आणि टायरच्या खुणेवरून
पावलापुढे पाऊल ठेवत चालू लागले,
घाटातल्या अपघातानंतर चालतात तसे.
जिथं काळी रेघ जाड झाली होती तिथं थांबले.
“आठे तू स्टेरिंग फिरायं.”
हो.
“डावीकडे.”
हो.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
वारा पडला होता. दिशादर्शक कापडी मोजा
खांबाला चिकटून लोंबत होता, धुवायला टाकल्यासारखा.
“ते ते मीच शिकाडेल शे,” म्हणाले,
आणि हात पॅन्टच्या खिशात घातले.

रात्री झोप आली नाही.
खाटेच्या पायथ्याच्या लोखंडी दांडीवर
मी डावा पाय दाबत राहिले,
सोडला, दाबला, थोडा कमी, परत.
बाहेरच्या खोलीत बाबा कुशी बदलत होते.
हात मी उशीखाली ठेवले होते.