साडेअकरा इंच

धानोरीत, विमानतळाच्या भिंतीपासून
तिसऱ्या गल्लीत माझं दुकान.
सुखोई उडालं की सुईतला दोरा थरथरतो.
मी पायडलवरचा पाय उचलते,
आवाज विरला की पुढची शिवण.
एकतीस वर्षं हे असंच.
विमानात मात्र एकदाही बसले नाही.

साळवे सिस्टर आल्या, ससूनमधून रिटायर झालेल्या.
सहा ब्लाउज, मंगळवारी हवेतच.
लेकीचं बाळंतपण. व्हँकुव्हरला.
"किती लांब हो?"
"बारा हजार तीनशे किलोमीटर, जावई म्हणाला."
"आणि वेळ?"
"सरळ गेलं तर चौदा-साडेचौदा तास.
पण सरळ कोण जातं, बाई?
इथून दिल्ली दोन तास,
दिल्लीत बाकड्यावर नऊ तास,
आणि मग ते पुढचं."
एवढं बोलून त्यांनी हात वर केले
आणि मी छाती मोजली.

त्या गेल्यावर ओसवालच्या स्टेशनरीतून
पृथ्वीचा गोल मागून आणला,
विकाऊ, प्लॅस्टिकसकट.
टेपचं टोक पुण्यावर अंगठ्याने दाबून धरलं.
मला वाटलेलं पश्चिमेला जाईल,
अरबस्तान, युरोप, मग समुद्र.
पण ताण दिला तशी टेप घसरत घसरत वर गेली,
हिमालयावरून, रशियावरून,
ध्रुवाच्या कडेच्या पांढऱ्या रंगावरून
पलीकडे उतरली.
साडेअकरा इंच.
कोपरापर्यंतची बाही.

सिस्टर गुरुवारी पहाटे तीनला दिल्लीहून उडणार,
गुरुवारीच पहाटे पाचला तिथे उतरणार.
मधले तास कुठे गेले, मी विचारलं,
तर म्हणाल्या, ते तिकिटावर नसतात.
मला कळलं थोडंसं.
वारालाही आत कुणीतरी माया ठेवलेली असणार,
उसवला की साडेछत्तीस तासांचा होतो गुरुवार.
मीही ठेवली, सहाही ब्लाउजना, दीड दीड इंच.
सहा महिने परक्या थंडीत, रात्रीची जागरणं,
अंग सुटेल की उतरेल, काय सांगावं.

रात्री बिलांच्या पाठीवर हिशेब मांडला.
ब्लाउजला ऐंशी मीटर दोरा,
दिवसाला तीन, वर्षाचे तीनशे दिवस,
गुणिले एकतीस.
बावीसशे किलोमीटर.
पुन्हा टेप लावली. दोन इंच, वर थोडंसं.
हिमालय मागे पडलाय माझ्या.
पलीकडच्या कुठल्याशा वाळवंटात
दोरा संपतो,
आणि गाव नाही, नाव नाही, नुसता पिवळा रंग.

बुधवारी चारच्या सुमारास एक विमान गेलं.
त्यांचंच असेल असं काही नाही.
पाय उचलला.
समोर कुणाचीतरी बाही, अर्धी.

गोल परत दिला तेव्हा ओसवाल म्हणाला,
पुण्याजवळ प्लॅस्टिक दबलंय, ताई,
आता कोण घेणार हा?
किती पैसे, मी म्हटलं.