गेज रूम, सातपूर

माझं काम सोपं आहे.
वीस अंशांवर थांबवून ठेवलेली खोली, हातात पांढरे मोजे,
आणि ज्यांनी इतरांना मोजायचं त्या गेजना मी मोजते.
महिन्याला दोन-चार निघतातच झिजलेले.
लाल चिकटपट्टी. कपाट.

उन्मेषचं पाकीट आलं शनिवारी, सुट्टीच्या दिवशी.
साठ विधानं. 'जवळच्या नातेवाइकाने भरावे.'
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे अगदी.
तिकडे, परदेशात, डॉक्टरांच्या देखत त्यानं
अळंबीतल्या द्रव्याची एक कॅप्सूल घेतली,
डोळ्यांवर पट्टी, सहा तास.
आधी एक फॉर्म त्यानंच भरला, नंतर एक त्यानंच.
खुलेपणा सात गुणांनी वर.

पण जिनं मोजलं ती पट्टीसुद्धा
सहा तास आतच होती की!
म्हणून मी. बाहेरची पट्टी.

दिवाळीत आला होता.
पप्पांशी नऊ वर्षं 'हो', 'नाही', 'पोचलो' एवढंच बोललेला हा
जेलरोडच्या घरी त्यांच्या शेजारी पायरीवर बसला,
त्यांचा अंगठा हातात घेऊन उजेडात धरला.
प्रेसमध्ये नोटा मोजून मोजून ठसा पुसलाय,
रेशनचं मशीन त्यांना ओळखत नाही,
हे घरात सगळ्यांना ठाऊक.
बघितलं त्यानं.
पप्पांनी हात काढून घेतला नाही.
(त्यांना कुणी कॅप्सूल दिली नव्हती.)

आणि माझं बोलणं इतकं मन लावून ऐकलं
की मीच विसरले काय सांगत होते.
माझी नक्कल मात्र एकदाही केली नाही,
नाकात बोलून, मान वाकडी करून, करायचा तशी.
साठांत त्याला विधान नाही.

ताडून बघायला मास्टर लागतो.
माझ्याकडे आहे तो दहावीतला उन्मेष,
जिन्यात सायकलची चेन बसवणारा, काळ्या बोटांचा,
मला 'हल, उजेड अडवू नकोस' म्हणणारा.
तो मी कधी तपासून घेतलेला नाही.
बावीस वर्षं तशीच वापरतेय.

एकोणसाठ भरली.
साठावं: 'ही व्यक्ती मला पूर्वीइतकीच ओळखीची वाटते.'
तीन आणि चारच्या मधे पेन टेकलं.
मधे जागा नाही. एकाखाली काही मोजत नाही ही पट्टी;
असलं साधन मी दारातूनच परत पाठवते.

शाईचा ठिपका मोठा होत गेला.
होऊ दिला.