वीतभर

शोरूममधल्या मुलानं कागदावर दोन आकडे लिहिले,
एक गाडीचा, त्याखाली एक बारीक,
म्हणाला, लेगगार्ड ऑप्शनल आहे, मॅडम.

मला तो नकोच होता.
एवढी देखणी टाकी, एवढं काळंभोर इंजिन,
आणि पुढे हा वाकवलेला पाइप,
नवरीच्या नाकात बैलाची वेसण.

अण्णा तोवर बोलले नव्हते.
खुर्चीवरून उठले, डावा पाय आधी नीट लावून घेतला,
वाकले, आणि आंबा दाबावा तसा
अंगठ्यानं पाइप दाबून पाहिला.
"जाडी किती?"
मुलाला माहीत नव्हती.
"मग माहीत असेल त्याला बोलाव."

रामबागेतल्या आमच्या जिन्याचे दोन आवाज
लहानपणापासून पाठ आहेत:
एक पूर्ण, एक अर्धा.
ते ऐकूनच आम्ही वह्या उघडायचो.
अर्ध्याची गोष्ट कुणी सांगितली नाही.
एवढंच, की चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात
घरात एक मोटरसायकल होती,
पावसाळ्यात नव्हती.

सिमरोलच्या घाटात, तिसऱ्या की चौथ्या वळणावर
कुठल्याशा डंपरनं सांडलेली गिट्टी.
वेग सांगायला लाज वाटावी इतका कमी.
एकशे पंच्याण्णव किलो आडवे झाले
म्हैस बसते तसे, सावकाश, स्वतःच्या मर्जीनं.
माझा पाय खाली.

खाली, पण दबलेला नाही.
इंजिन आणि डांबर यांच्यामध्ये
जागा उरली होती. वीतभर, फार तर.
गरम, पेट्रोलच्या वासाची,
आणि तिच्यात माझी नडगी
आगाऊ भाडं भरल्यासारखी निवांत.
मी बूटातल्या बूटात बोटं हलवली.
पाचही हजर.

केळ्यांच्या टेम्पोतून दोघं धावत आले,
"उठाओ भिया, उठाओ,"
हेल्मेट काढलं तेव्हा गप्प झाले.

टॉवर चौराह्यावरच्या मालवीय मिस्त्रीला म्हटलं,
सरळ करून दे.
तो नाही म्हणाला.
वाकलेली नळी सरळ दिसेल, दीदी,
पुढच्या खेपेला आपलं ऐकेल याची खात्री नाही. नवा लावा.
आणि हे काही चिलखत समजू नका.
ट्रकपुढे याचं काही चालत नाही.
उभ्याउभ्या कलंडलात, वळणावर घसरलात,
तेवढ्यापुरतं बोला.

जुना घरी आणला, वर्तमानपत्रात गुंडाळून.
अण्णांनी मांडीवर घेतला.
रंग खरवडून लोखंड जिथं उघडं पडलं होतं
तिथं अंगठा टेकवला, करंगळी ताणली,
वीत पुरते का पाहिलं.
"केवढ्याला होता?"
बत्तीसशे.
"दोनशे जास्त घेतले त्यानं."

मग जिना चढायला लागले.
एक पूर्ण, एक अर्धा.
मी मागोमाग निघाले.
अर्ध्या जिन्यात ते थांबले,
कठड्याला धरून, पाठमोरेच.
मला वाटलं, दम लागला असेल.
मी दोन पायऱ्या चढले,
आणखी दोन.
तेव्हा कुठे ते पुढे निघाले.