आठ दिवसांच्या आत

बस, इंगा. कोट राहू दे अंगावर,
ही खोली जूनमध्येसुद्धा तापत नाही.
मंगळवारी आणि गुरुवारी मी इथे निबंधक असते,
बाकीचे दिवस बोटीवर तिकिटं फाडते,
तेव्हा तू आपली नेहमीसारखी मेमीच म्हण.

डॉक्टरचा कागद दे. हो, तोच, घडी पडलेला.
आठ दिवस असतात हातात. तू तिसऱ्याच दिवशी आलीस.
थोरफिनची मुलगी शोभतेस,
तोही भरतीची वाट बघत बसणाऱ्यांतला नव्हता.

नाव. जन्म. आजीचं माहेरचं आडनाव,
ते मला पाठ आहे, पण तू सांगावंस असा नियम आहे.
व्यवसाय? 'निवृत्त' लिहिते.

काय म्हणालीस?
पिंजरे? अठरा? सोमवारी टाकलेले?
मग 'मच्छीमार'.

दाखल्याच्या प्रती जास्त घे.
दोन पुरतील असं सगळ्यांनाच वाटतं.
बँक एक गिळते, विमा एक गिळतो,
पेन्शनवाले दुसरी मागतात
कारण पहिली त्यांनीच हरवलेली असते.

बँकेला फोन करशील तेव्हा पलीकडची मुलगी म्हणेल,
आम्हाला खातेदारांशीच बोलावं लागेल.
चिडू नकोस. ग्लासगोत बसलेली असते, बावीस वर्षांची,
समोरच्या पडद्यावर मेलेल्यांसाठी चौकोन नसतो.
पुन्हा सांग. तिसऱ्यांदा सांगताना
तुझा आवाज तुलाच परका वाटेल.
वाटू दे.

कानातली यंत्रं कर्कवॉलच्या इस्पितळाला परत करायची.
उरलेल्या गोळ्या औषधांच्या दुकानात दे,
संडासात ओतू नकोस,
खेकड्यांना रक्तदाब नसतो.
फोन मात्र इतक्यात बंद करू नकोस.
मी केला होता डेव्हीचा, पंधरवड्यात, शहाण्यासारखा,
आणि एका रात्री घर खायला उठलं तेव्हा
तोच नंबर फिरवला.
कुठल्यातरी प्लंबरनं उचलला.
भला माणूस. म्हणाला, नळ गळतोय का?
मी हो म्हटलं.

दोऱ्यांचं राहिलं. शवपेटीला आठ असतात.
एल्डन चिठ्ठ्या वाटेल, आकडे घातलेल्या.
एक नंबर डोक्याकडचा, सगळ्यात जवळच्याचा.
म्हातारी मंडळी म्हणतील, तो तुझ्या भावाला द्यावा,
टोरॉन्टोहून येतोय, मुलगा आहे.
असल्या गोष्टींसाठी माझ्याकडे रकाना नाही.
मी एवढंच सांगेन, रबरी बूट घाल, माती ओली आहे,
आणि दोरी मनगटाला गुंडाळू नकोस.
हातातून सोडत जायची, हळू,
बाकीच्या सातांच्या बरोबरीनं.
तुला कुणी शिकवायला नको.
आठव्या वर्षापासून त्याच्याबरोबर दोर सोडत आलीस.

इथे सही कर. पूर्ण नाव. जरा दाबून.

सरकारनं छापलेली ही पुस्तिका घे.
चोवीस पानं आहेत. वाहन परवाना आहे, पासपोर्ट आहे,
ग्रंथालयाचं कार्डसुद्धा आहे.
समुद्रात राहिलेलं आमिष कुणी काढायचं
हे मात्र कुठेच नाही.
उद्या वारा पडतोय म्हणतात. उद्या नाही तर शनिवारी जा,
एल्डनच्या पोराला बरोबर घे.
अंडी धरलेली मादी सापडली तर परत सोड.
ठाऊक आहे तुला. तरी सांगते,
सांगण्याचाच पगार मिळतो मला.
बाकीचे विकू नकोस,
दफनानंतर सभागृहात लोक भुकेले येतात.
मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलताना
फार भूक लागते, मी पाहिलंय.

रडायचं असेल तर दार लावून घेते.
नाही? बरं.
प्रती सहा करते मग.
पुस्तक मिटू नकोस अजून.
ही शाई वाळता वाळता काळी होते,
मग पुसत नाही.
बघ, थोरफिनचा थ वाळला.
तुझं नाव अजून निळं आहे.