तीन काने

सातापा.
तीन अक्षरं, तिन्हींना काना.
रंगवायला याहून सोपं नाव
सबंध भुदरगड तालुक्यात नव्हतं.
ब्रश भरायचा आणि सरळ खाली सोडायचा,
विहिरीत दोर सोडावा तसा.

अठ्ठ्याहत्तरची ग्रामपंचायत.
डेअरीच्या भिंतीला चुना त्यानंच मारला,
डिंक संपला तर घरून खळ शिजवून आणली.
मी म्हटलं, गुरवाच्या पोरा, देवळाचं काय?
"देव लवकर उठतोय गा दस्तगीर,
मतदार उशिरा. दोन्ही जमतंय."

मग पंचायत समिती. चिन्ह कपबशी.
बशी मला कधीच गोल जमली नाही.
लोक म्हणाले, होडी दिलीय व्हय ह्याला?
वेदगंगेपलीकडच्या वाड्यांनी
होडी समजूनच शिक्के मारले,
वर्षातले चार महिने त्यांना तीच लागायची.

नव्वदला आमदार. अपक्ष, शिलाई मशीन.
सहाशे बारा मतांनी.
गुलाल माझ्या पांढऱ्या डब्यात पडला,
महिनाभर गारगोटीतल्या दुकानांच्या पाट्या
किंचित गुलाबी निघाल्या.

नागपुरात तो एकदाच मोठ्यानं बोलला.
साकवावर.
चार मिनिटं झाली, घंटा वाजली, वेळ संपली.
"अध्यक्ष महाराज, आमच्या घरात
घंटा वाजली की सुरुवात होते."
सभागृह हसलं.
पुढचं वाक्य त्या हसण्यात बुडालं.
काय होतं ते, मी कितीदा विचारलं.
"इसरलो."

हेही सांगतो, कारण भिंतीवर
मला कुणी लिहायला लावलं नाही:
पहिली डांबरी त्याच्या मळ्याकडं वळली.
मेव्हण्याचा पोरगा कारखान्यात चिकटला, काट्यावर.
आणि माझे तीनशे चाळीस रुपये,
पंच्याण्णवच्या प्रचाराचे,
वहीत अजून तसेच आहेत.

पंच्याण्णवला पडला.
मग या पक्षात गेला, तो पक्ष फुटला,
त्या पक्षात गेला, तिकीट दुसऱ्याला.
माझ्याच हातानं माझीच अक्षरं
मी चुन्याखाली गाडत गेलो.
ऊन कलतं झालं की डेअरीच्या भिंतीवर
आतले तिन्ही काने फुगून दिसत,
पातळ कातडीखाली शिरा दिसाव्यात तसे.

साकव झाला, दोन हजार एकला.
कोनशिलेवर दुसऱ्याचं नाव.
खोदलेल्या अक्षरांत काळा रंग मीच भरला.
संध्याकाळी तो आला, चप्पल काढून
पलीकडं गेला, परत आला,
दगड वाचला सावकाश.
"अक्षर बेस काढलंस."
एवढंच. आणि चहाला चल म्हणाला,
पैसे मात्र मीच दिले.

नंतर फ्लेक्स आला.
एका रात्रीत चाळीस चेहरे, चाळीस जोडलेले हात.
माझे ब्रश रॉकेलमध्ये कडक झाले.
त्याला सभेत मागची खुर्ची,
मग खुर्चीशेजारची जागा,
मग नुसतं निवेदनात नाव, "आणि इतर मान्यवर"च्या आधी.
तरी दर सोमवारी तहसीलदार कचेरीच्या पायरीवर
कुणाचा तरी सातबारा हातात धरून बसलेला असायचा.
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

सीपीआरमध्ये गेला, सतरा नंबरच्या कॉटवर.
तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला,
भावपूर्ण श्रद्धांजली, कमळं, ढग,
आणि खाली ठळक, लाल:
सातपा.

दिवसभर सगळे खालून गेले.
हात जोडले. कुणी वाचलं नाही.

रात्री मी शिडी घेतली.
त आणि पा यांच्यात जागा अरुंद होती,
हात आता थरथरतो,
आणि त्या गुळगुळीत कापडावर रंग धरत नाही.
तरी ओढला, वरून खाली, एका दमात.

सकाळी बघितलं.
काना थोडा ओघळला होता.
ओघळ जन्मतारखेपर्यंत आला होता,
तिथं सुकला.