तळाशी राहिलेला दाणा

तिझान, तू ओठांनी वाचतेस.
गव्हाणीत सहा जिन्नस कालवून टाकले तरी
तुझा वरचा ओठ एकेक वेगळा करतो,
आमची आई मसूर निवडायची तसा:
खडा बाजूला, किडका बाजूला,
आणि मनात भरलं नाही ते सगळंच बाजूला.

बावीस वर्षं सोयापेंड आली.
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ट्रक उलटा उलटा येत
गोठ्याच्या दाराला पाठ लावायचा.
पोत्याची शिवण उसवली की पिवळी धूळ
माझ्या पापण्यांवर बसायची.
कुठल्या मातीची, विचारलं नाही.
ला रोशेलच्या धक्क्याला जहाज लागतं एवढं ठाऊक.
त्याआधी समुद्र.
समुद्राआधी एक जंगल होतं म्हणे,
ड्रायव्हर म्हणाला,
आणि पावतीवर सही मागितली.

मग भाव असा चढला की
एव्हारिस्तने तीच पावती उलटी करून
कोऱ्या बाजूवर गणित मांडलं
आणि सूप अर्धं टाकून उठला.
शरदात ओढ्याकाठच्या तुकड्यात बाकला पेरला,
टेकाडावर पांढरा ल्युपिन,
आणि पंपाशेजारी लसूणघास,
जुलैपर्यंत हिरवी राहिली तर राहिली.

सहकारी संस्थेतल्या पोराने फोनवर सल्ला दिला.
उंटावरून शेळ्या हाकायला उंटही लागत नाही आता.
इतके टक्के प्रथिनं, तितकी सूर्यफुलाची पेंड,
हळूहळू बदला, तीन आठवडे द्या.
तिझान, तुझ्या कानात मात्र
कुणी काही सांगितलं नव्हतं.

तू बाकल्याला शिवली नाहीस.
गव्हाणीच्या तळाशी ते काळ्या डोळ्यांचे दाणे
माझ्याकडे बघत पडले.
तुझ्यामागून ताँपेत, तार्तीन, त्रुफ,
'त' अक्षराच्या साली जन्मलेल्या सगळ्या,
मग त्यांच्या आया, मावश्या.
साठ तोंडं, एक मत.
दूधमोजणीला मोरिसेत आली, कुप्या भरल्या, आकडे उतरवले.
"शेळीमागे तीनशे मिली कमी,"
ती कागदाकडे बघत म्हणाली.
माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचं सौजन्य.

त्या रात्री मी ट्रकवाल्याचा नंबर काढून ठेवला.
लावला नाही. पण काढून ठेवला.

रविवारी फिर्माँ आला,
बंद पडलेल्या कॅफेतलं कॉफी भाजायचं पिंप
ट्रॉलीत बांधून.
"भाजून बघू," एवढंच बोलला.
खालून गॅस, वरून त्याचा दांडा फिरवणारा हात,
आत बाकला, आधी सरसर, मग तडतड.
वास सुटला, अर्धा पावाचा,
अर्धा त्याच्या दुकानातल्या जुन्या सकाळचा.
फिर्माँ थोडा वेळ नाक पुसत राहिला,
धुरामुळे, म्हणाला.
आणि गोठ्यात साठ माना वळल्या,
काळ्या-तपकिरी, चेहऱ्यावर पांढऱ्या रेघा,
एकाही मानेला कुणी आवाज दिला नव्हता.

आता दर शनिवारी आम्ही भाजतो.
माझ्या केसांना वास येतो,
पाव आणायला गेले की पोरं वळून बघतात.
मोरिसेतचा कागद सांगतो:
युरिया जागेवर, चरबी किंचित वर,
दूध चाळीस मिली कमी, ते कमीच.
चीज घेणारा म्हणाला, सालीला हेझलनटची चव आलीय.
आली असेल. त्याला मला बरं वाटावं असंही वाटलं असेल.

एव्हारिस्तच्या लेखी चाळीस म्हणजे
मांजराचा एक घोट.
मी तो घोट रोज लिहिते,
वहीत, स्वतंत्र पानावर.
कुणाच्या नावे टाकायचा कळत नाही.
जंगलाच्या? न पाहिलेल्या माणसांच्या?
रकाना कोरा आहे.

आणि तिझान, तू अजूनही
गव्हाणीच्या कोपऱ्यात एक दाणा ठेवतेस.
करपलेला नाही. किडका नाही.
मी उचलून, उन्हात धरून पाहिलाय.
झाडताना तेवढा सोडून झाडते.
तुझं काहीतरी म्हणणं बाकी आहे,
असं धरून चालते.