टक्

हिंगण्याच्या एमआयडीसीत, बिस्किटांच्या भट्टीमागे,
पॅनलचं दार उघडून हेडाऊमामा डोळे मिटायचे.
मी आयटीआयमधून नुकतीच आलेली,
हातात मल्टीमीटर, तोही उसना.
"ते ठेव बाजूले. आधी आयक."

टक्.
कॉइलला चोवीस व्होल्ट पोचले की
लोखंडाची पट्टी खाली ओढली जायची,
स्प्रिंग ताणायची,
चांदीच्या दोन टिकल्या भिडायच्या
आणि पलीकडे हीटर जागा व्हायचा.
सुटताना एक बारीक निळी ठिणगी,
प्रत्येक ठिणगीचा टिकलीवर काळा डाग.
"तिसरा थकला पोरी. हा काई दिवाळी पायत नाई."
आणि दसऱ्याच्या आठवड्यात तिसरा
चिकटून बसायचा.

मग नवे आले.
साबणाच्या वडीएवढे, चार स्क्रू, एक लाल ठिपका.
आत काहीच हलत नाही.
कायमच्या बंद डबीत एक दिवा लागतो,
कुणी न पाहिलेला;
समोरच्या सिलिकॉनला तो दिसतो, आणि वाट मोकळी होते.
तीही लगेच नाही.
व्हेरायटी चौकात गर्दीला फट पडेपर्यंत
फुटपाथवर थांबणाऱ्या शहाण्या माणसासारखा
हा लाट शून्यावर यायची वाट पाहतो.
मिनिटाला चाळीसदा लावतो, विझवतो,
तोंडातून शब्द नाही.
बिस्किटं आता एका रंगाची निघतात. मान्य.

मामांनी दार उघडलं, डोळे मिटले,
बराच वेळ मिटून उभे राहिले.
"चालू आहे का हे?"
मी ठिपका दाखवला.
नुसती मान डोलावणाऱ्या जावयाकडे पाहावं
तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.
मग तो बंद असताना टेस्टर टेकवला.
टेस्टरमध्ये फिकट नारिंगी, मरतुकडा उजेड.
"इझला म्हन्ते, पन सोडत नाई.
जुना सुटला का मंधात हवा असते.
ह्याच्या मंधात काय आहे?"

मॅनेजर हसले. पण रिटायर होण्याच्या आधल्या दिवशी
मामांनी सगळ्या नव्यांच्या वरती
एक जुना दांडगा कॉन्टॅक्टर बसवून घेतलाच,
भट्टीच्या थर्मोस्टॅटला जोडून.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस, पॅनलमध्ये साठाच्या वर.
नवा चालू असला की स्वतःही तापतो,
दर अँपिअरमागे वॉटभर.
पाठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, समोर पंखा,
पंखाही गरमच हवा फेकणारा.
दुपारी पावणेतीनला दोन नंबरचा आतल्या आत जुळून गेला.
ठिपका विझलेला, भट्टी चढत चाललेली:
दोनशे साठ, दोनशे ऐंशी.
कुणाला काही ऐकू आलं नाही.
ऐकू येण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मी मीटर शोधत होते.
तेवढ्यात वरून,
धाड्.

त्या संध्याकाळी मी मामांना गोळीबार चौकात फोन लावला.
त्यांनी पहिलं विचारलं, "टिकल्या पायल्या का?"
पाहिल्या होत्या. एक नवा डाग.
एक ट्रे करपला होता;
शिफ्टने तो चहात बुडवून संपवला.